सव्वापाच टक्क्यांचा माणूस

मुंबईत पर्यावरणाची बीट सांभाळणाऱ्या बातमीदाराला एक प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतोच: "एवढं लिहिता, मग स्वतःच उभे का राहत नाही?" कांदळवनातल्या भरावाची बातमी छापून येते, मिठीतल्या गाळाची येते, आरेतल्या झाडांची येते. भराव मात्र तिथेच राहतो. मग चहाच्या टपरीवर पक्षाचं नाव ठरतं, झेंड्याचा रंगही ठरतो, आणि गोष्ट बहुतेक वेळा तिथेच थांबते.

ही वाट खरोखर चाललेला आणि ज्याच्याकडून सगळ्यात जास्त शिकता येईल असा माणूस माझ्या मते फ्रान्समधला आहे. नोएल मामेर. आधी टीव्हीवरचे बातमीदार, मग एका छोट्या शहराचे २८ वर्षं महापौर, २० वर्षं फ्रेंच लोकसभेत, आणि २००२ साली हिरव्यांच्या, म्हणजे पर्यावरणवाद्यांच्या, पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार. त्या निवडणुकीत त्यांना ५.२५ टक्के मतं पडली. सव्वापाच. आपल्याकडे एवढ्या मतांत अनामत रक्कमसुद्धा वाचत नाही. तिकडे याच सव्वापाचात पक्ष तरला. पर्यावरणाचा पक्ष काढू पाहणाऱ्याने सगळ्यात आधी हा फरक समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

मामेर यांचा जन्म १९४८ सालचा, बोर्दोजवळच्या लिबूर्नचा. ऐंशीच्या दशकात ते 'आंतेन २' या सरकारी वाहिनीवर दुपारी एकच्या बातम्या सांगायचे आणि 'रेझिस्तांस' नावाचा मानवी हक्कांवरचा कार्यक्रमही करायचे. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हा ते याच वाहिनीवर होते. फ्रान्समध्ये किरणोत्सारावर लक्ष ठेवणारं खातं तेव्हा प्राध्यापक पेलरँ यांच्या हाताखाली होतं, आणि घाबरण्यासारखं काही नाही हा त्या खात्याचा सूर होता. ३० एप्रिलला याच वाहिनीच्या हवामानाच्या नकाशावर फ्रान्सच्या सीमेशी 'थांबा'ची पाटी दाखवली गेली. ढग तर येऊन गेला. किरणोत्सार स्वतंत्रपणे मोजणारी 'क्रीराड' ही संस्था तिथल्या नागरिकांनी या धक्क्यानंतर त्याच वर्षी उभी केली.

(जुन्या मुंबईकरांना चेर्नोबिल आठवतं ते लोण्यामुळे. युरोपकडून भेट म्हणून आलेल्या आयर्लंडच्या लोण्यात किरणोत्सार असल्याच्या शंकेने मुंबईतले नागरिक उच्च न्यायालयात गेले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं, तज्ज्ञांची समिती नेमली गेली, आणि १९८८ मध्ये लोणी खाण्यालायक असल्याचा निर्वाळा मिळाला.)

चेर्नोबिलचं प्रकरण मामेर यांच्या आयुष्यात तेरा वर्षांनी परत आलं. ऑक्टोबर १९९९ मध्ये, तोवर ते लोकप्रतिनिधी झाले होते, टीव्हीवरच्या एका गप्पांच्या कार्यक्रमात त्यांनी पेलरँ यांच्याबद्दल एक तिखट विशेषण वापरलं. ढगाने आपली सीमा ओलांडलीच नाही असं हे गृहस्थ आम्हाला सांगत राहिले, असंही ते म्हणाले. अब्रुनुकसानीचा खटला झाला. २००० साली पॅरिसच्या न्यायालयाने १०,००० फ्रँक दंड केला आणि वर ५०,००० फ्रँकची भरपाई ठोठावली. अपील फेटाळलं गेलं, ऑक्टोबर २००२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही हात वर केले. मामेर स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि ७ नोव्हेंबर २००६ ला जिंकले. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला पडला आहे, असं त्या न्यायालयाने म्हटलं. पेलरँ यांच्यावर चाललेली चौकशीही २०११ मध्ये आरोप न ठेवता बंद झाली, हेही इथे नोंदवायला हवं.

या खटल्यातली एक बारीक गोष्ट प्रत्येक बातमीदाराने लक्षात ठेवावी. मामेर यांना "मी बोललो ते खरं आहे" असा बचावच घेता आला नाही. १८८१ च्या फ्रेंच कायद्यानुसार दहा वर्षांपेक्षा जुन्या घटनेबाबत सत्याचा पुरावा देण्याची मुभा नव्हती. घटना १९८६ ची, बोलणं १९९९ चं. तीन वर्षांचा उशीर नडला.

आपल्याकडे कायदा वेगळा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये सत्य आणि लोकहित असा बचाव आहे, आणि त्याला वर्षांची अट नाही. पण दुसरा फास आहे. या कलमाखाली जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होऊ शकते, आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८(३) नुसार दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की आमदारकी-खासदारकी जाते. वर शिक्षा भोगून झाल्यानंतरही सहा वर्षं उभं राहता येत नाही. वर्तमानपत्रात असताना तुमची कॉपी उपसंपादक बघतो, आरोप असेल तर समोरच्याची प्रतिक्रिया घेतली का विचारतो, जास्तच झोंबणारं असेल तर वकिलाकडे पाठवतो. नेता झालात की ती चाळणी गेली. माइक थेट तोंडासमोर असतो आणि जीभ मात्र बातमीदाराचीच राहते. म्हणून पत्रकारितेतून राजकारणात येणाऱ्याने पहिला माणूस नेमावा तो प्रसिद्धीप्रमुख नव्हे, तर आपली भाषणं आधी वाचून लाल पेनाने रेघा मारणारा. आरोप करायचा तर अहवालाची तारीख, पान क्रमांक, माहिती अधिकारातल्या उत्तराचा जावक क्रमांक हाताशी हवा. विशेषणं घरी ठेवावीत. मामेर यांना एका विशेषणाने सहा-सात वर्षं कोर्टात फिरवलं.

आता पक्षाबद्दल. लोकांना वाटतं की प्रसिद्ध चेहरा आला की पक्ष आपोआप उभा राहतो. मामेर यांची नव्वदीतली सात-आठ वर्षं बघा. १९९० मध्ये ब्रीस लालोंद यांनी 'जेनेरास्यों एकोलोजी' हा पक्ष काढला, मामेर त्यात. लालोंद तेव्हा सरकारात पर्यावरणमंत्री होते. जुना हिरवा पक्ष 'ले व्हेर' बाजूलाच होता. १९९२ च्या प्रादेशिक निवडणुकीत दोघांनी प्रत्येकी सात टक्क्यांच्या आसपास मतं घेतली आणि सगळ्यांना वाटलं आता हिरवी लाट येणार. १९९३ ला दोघे एकत्र येऊन संसदेची निवडणूक लढले. मतं सात टक्क्यांच्या वर, जागा शून्य. मतदारसंघनिहाय निवडणुकीत सगळीकडे थोडी थोडी पसरलेली मतं कामाला येत नाहीत, हे त्या रात्री कळलं. १९९४ च्या युरोपीय निवडणुकीत मतांच्या प्रमाणात जागा देणारी यादीपद्धत होती, पण ५ टक्क्यांची अट होती. दोघे वेगवेगळे लढले: ले व्हेर २.९५, लालोंद यांची यादी २.०१. दोघेही बाहेर.

मामेर मात्र त्या वर्षी निवडून आले. लालोंद यांच्याशी फाटल्यावर त्यांनी आपला छोटा पक्ष काढला होता, आणि ते उद्योगपती बेर्नार तापी यांच्या यादीवर गेले. फुटबॉल क्लबचे मालक असलेल्या तापींसोबत हिरवा माणूस कसा, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता. पण त्या यादीला १२ टक्के मतं आणि १३ जागा मिळाल्या, आणि मामेर यांना युरोपीय संसदेत पाय ठेवायला जागा मिळाली. १९९७ ला समाजवाद्यांनी हिरव्यांसाठी काही मतदारसंघ सोडले, आणि फ्रेंच लोकसभेत हिरवे पहिल्यांदाच बसले. मामेर बोर्दोजवळच्या मतदारसंघातून आले, दोमिनिक व्वाने मंत्री झाल्या. मतांची टक्केवारी १९९३ पेक्षा कमी होती. फरक पडला तो जागावाटपाने. १९९८ मध्ये मामेर ले व्हेरमध्ये दाखल झाले.

या सगळ्या धावपळीत एक गोष्ट जागेवरून हलली नाही: बेग्लचं महापौरपद. १९८९ ते २०१७.

बेग्ल म्हणजे बोर्दोला चिकटलेलं कामगारांचं शहर. तेव्हा वस्ती वीस-पंचवीस हजारांची, कित्येक दशकं कम्युनिस्टांचा बालेकिल्ला, रग्बीचं वेड, आणि खारवलेल्या कॉड माशाच्या वखारी. वर्सोव्याला वलांडीवर बोंबील वाळत घातलेले असतात तसा तिथे एकेकाळी कॉड वाळायचा. अशा ठिकाणी टीव्हीवरचा ओळखीचा चेहरा म्हणून तुम्ही एकदा निवडून याल. २८ वर्षं टिकायचं तर शाळेची छपरं, कचऱ्याच्या गाड्या आणि घरपट्टी यांत उतरावं लागतं. आणि फ्रान्समध्ये महापौराच्या हातात खरोखरची सत्ता असते. प्रशासन त्याच्या सहीने चालतं, लग्नंसुद्धा तोच लावतो. ५ जून २००४ ला मामेर यांनी बेग्लच्या पालिकेत दोन पुरुषांचं लग्न लावलं, फ्रान्समधलं पहिलं. सरकारने त्यांना महिनाभर निलंबित केलं, न्यायालयाने ते लग्न रद्द ठरवलं आणि २००७ मध्ये शेवटचं अपीलही फेटाळलं गेलं. कायदा बदलला तो २०१३ मध्ये.

मुंबईचा हिशोब यापुढे ठेवून बघा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहराची वस्ती १ कोटी २४ लाख, महापालिकेचे प्रभाग २२७. म्हणजे सरासरी ५५ हजार माणसं एका प्रभागात. बेग्लसारखी दोन शहरं आपल्या एका नगरसेवकाच्या हद्दीत मावतात. पण अधिकार बघितले तर पारडं पूर्ण उलटं होतं. १८८८ च्या महापालिका कायद्याने कारभार आयुक्तांच्या हातात दिला आहे, आयुक्त राज्य सरकार नेमतं, आणि महापौरपद अडीच वर्षांचं, बरंचसं मानाचं. मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपल्यावर वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार बघत होता. तेव्हा मामेर यांच्यासारखं "मी महापौर होऊन दाखवतो" हे इथे चालणार नाही. इथल्या हिरव्या नगरसेवकाचं हत्यार म्हणजे समित्या आणि प्रश्न विचारण्याचा हक्क. प्रश्न कसा विचारायचा हे बातमीदाराला चांगलंच माहीत असतं.

२००२ कडे येतो. ले व्हेरच्या सदस्यांनी जून २००१ मध्ये खरं तर आलँ लिपिएत्झ या अर्थतज्ज्ञांना उमेदवार निवडलं होतं आणि मामेर हरले होते. कॉर्सिका या फ्रेंच बेटाबद्दलच्या लिपिएत्झ यांच्या वक्तव्यांवरून वादळ उठलं आणि ऑक्टोबरमध्ये पक्षाने त्यांना मागे घेऊन मामेर यांना पुढे केलं. मतदान एप्रिलमध्ये. सहा महिन्यांत प्रचार, आणि त्याआधी ५०० निर्वाचित लोकप्रतिनिधींच्या सह्या, त्याही किमान ३० जिल्ह्यांमधून. छोट्या पक्षाचा पहिला घाम इथेच निघतो. गावोगावच्या महापौरांना पत्रं, फोन, परत फोन.

२१ एप्रिल २००२ ला सोळा उमेदवार रिंगणात होते. पहिल्या दोघांनाच पुढची फेरी. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष शिराक १९.८८, कडव्या उजव्यांचे ल पेन १६.८६, समाजवादी पंतप्रधान जोस्पँ १६.१८. जोस्पँ पहिल्याच फेरीत बाद, ल पेन यांच्यापेक्षा फक्त १,९४,६०० मतांनी मागे. मामेर यांची मतं होती १४,९५,७२४. मग व्हायचं ते झालं: हिरव्यांनी मतं खाल्ली, असं बोट दाखवलं गेलं. हे बोट एकट्या मामेर यांच्याकडे नव्हतं. शेवेन्मां यांनी ५.३३ टक्के घेतले, तोबिरा यांनी २.३२, शिवाय ट्रॉट्स्कीवादी, म्हणजे कडवे कम्युनिस्ट. डाव्या बाजूला उमेदवारांची रांग लागली होती. तरी मतविभागणीचा ठपका छोट्या पक्षाला आयुष्यभर पुसत बसावा लागतो, आणि त्याचं उत्तर निवडणुकीच्या आधीच तयार हवं: कुठे लढायचं, कुठे नाही, आणि कोणाशी जागा वाटून घ्यायच्या.

आणि ५ टक्क्यांचं काय? फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराने ५ टक्के ओलांडले, तर तेव्हाच्या नियमाने खर्चमर्यादेच्या निम्म्यापर्यंतचा खर्च सरकारी तिजोरीतून परत मिळायचा. त्याखाली राहिला तर फक्त मर्यादेचा विसावा भाग. मामेर पाव टक्क्याने वर राहिले. त्यांच्या आधी आणि नंतर हे कोणत्याच हिरव्या उमेदवाराला जमलं नाही: १९७४ ला रने द्युमों १.३२, १९९५ ला व्वाने ३.३२, २००७ ला त्याच १.५७, २०१२ ला एव्हा जोली २.३१. २०२२ मध्ये यानिक जादो ४.६३ वर अडकले, आणि निकालाच्याच रात्री त्यांना देणग्यांसाठी लोकांपुढे हात पसरावे लागले. अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक, आणि पक्षाच्या डोक्यावर कर्ज.

आपल्याकडे परतफेड नाहीच. विधानसभेला १०,००० आणि लोकसभेला २५,००० रुपये अनामत (अनुसूचित जाती-जमातींना निम्मी), आणि वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर ती जप्त. म्हणजे १६.६७ टक्के. सव्वापाच टक्केवाल्याचं डिपॉझिट गेलं, खर्चही गेला. राज्य पक्ष म्हणून मान्यता हवी असेल तर विधानसभेत ६ टक्के मतं आणि दोन आमदार, किंवा नुसती मतं असतील तर ८ टक्के. मान्यता नसेल तर आकाशवाणी-दूरदर्शनवरचा मोफत वेळही नाही.

तरीही पक्ष काढायचाच असेल तर कागद नीट करा, कारण टपरीवरचे पक्ष कागदातच मरतात. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ खाली निवडणूक आयोगाकडे अर्ज पक्ष स्थापन झाल्यापासून ३० दिवसांच्या आत जायला हवा. एकतिसाव्या दिवशी उपयोग नाही, नव्याने स्थापना दाखवावी लागते. म्हणून आधी कागद तयार करायचे आणि मग स्थापनेची सभा घ्यायची. पत्रकार नेमकं उलटं करतात: आधी पत्रकार परिषद, मग घटना लिहायला बसतात. सोबत १०,००० रुपयांचा डिमांड ड्राफ्ट. किमान १०० सदस्य, सगळे मतदारयादीतले, आणि प्रत्येकाचं आपण दुसऱ्या कोणत्याही नोंदणीकृत पक्षात नाही असं प्रतिज्ञापत्र. इथे अर्ज अडकतात, कारण आंदोलनातली निम्मी माणसं आधीच कुठल्यातरी पक्षाची सदस्य असतात आणि त्यांना स्वतःलाही ते आठवत नाही. पक्षाच्या घटनेत संविधानाशी निष्ठा, समाजवाद, धर्मनिरपेक्षता, लोकशाही आणि देशाचं सार्वभौमत्व, एकता, अखंडता हे शब्द कायद्यात आहेत तसेच लागतात. इथे लेखणी चालवू नका. नंतर दोन राष्ट्रीय आणि दोन स्थानिक दैनिकांत, दोन दिवस, जाहीर सूचना आणि हरकतींसाठी मुदत. नोंदणीनंतर पाच वर्षांत आयोगाने घेतलेली एखादी निवडणूक लढवावीच लागते. सहा वर्षं एकही निवडणूक न लढवलेले ३३४ पक्ष आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये यादीतून काढून टाकले.

महापालिका लढायची असेल तर ही नोंदणी पुरत नाही. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तिथे वेगळी नोंदणी लागते. हे अनेकांना एबी फॉर्मच्या, म्हणजे पक्षाने उमेदवारी दिल्याचा कागद जोडायच्या, वेळी कळतं.

चिन्हाचंही असंच. मान्यता नसलेल्या पक्षाला सगळ्या उमेदवारांसाठी एकच चिन्ह हवं असेल तर विधानसभेच्या किमान ५ टक्के जागा लढवाव्या लागतात, म्हणजे २८८ पैकी १५. तेवढे उमेदवार नसतील तर वांद्र्याला एक चिन्ह आणि मुलुंडला दुसरं, आणि "आपलं चिन्ह लक्षात ठेवा" ही घोषणाच गेली.

अर्जावर मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, तुम्हाला दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघातले मतदार. मुंबईत मतदारसंघाची हद्द कधी कधी एका गल्लीतून जाते. रस्त्याच्या या बाजूचा मित्र चालतो, त्या बाजूचा चालत नाही. मतदारयादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही घेऊ नका, आणि दहाऐवजी बारा-तेरा माणसं तयार ठेवा. प्रतिज्ञापत्रातला एकही रकाना कोरा सोडू नका, लागू नसेल तिथे 'निरंक' लिहा. निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खातं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं हवं. विधानसभेची खर्चमर्यादा ४० लाख. हिशोब निकालानंतर ३० दिवसांत द्यायचा. हरलेले उमेदवार हे विसरतात आणि तीन वर्षांसाठी अपात्र ठरतात.

हे सगळं करून एखादा हिरवा नगरसेवक निवडून आलाच, तर त्याने पहिली मागणी वृक्ष प्राधिकरणावर जाण्याची करावी. १९७५ च्या झाडांच्या कायद्याने ते नेमलेलं आहे, अध्यक्ष आयुक्त, आणि सदस्यांत नगरसेवक. ऑगस्ट २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडायचा प्रस्ताव इथूनच मंजूर झाला. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालू झाल्या, आणि ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडं पडली होती.

त्या प्राधिकरणाच्या कामाची सुरुवात एका कागदापासून होते. झाडाच्या खोडावर लावलेली सूचना, बारीक अक्षरांत, पावसाने अर्धी पुसलेली, सात दिवसांत हरकत नोंदवा म्हणणारी. झाड ५० वर्षांचं किंवा जुनं असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार ते वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलंच तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. म्हणून हरकतीत झाडाची जात, खोडाचा घेर छातीच्या उंचीला किती, त्यावरून अंदाजे वय, आणि प्रस्तावात दिलेलं वय वेगळं असेल तर तो फरक, एवढं लिहायचं. सोबत सूचनेचा फोटो, तारीख दिसेल असा. मग ती भायखळ्याला राणीच्या बागेत उद्यान अधीक्षकांच्या कार्यालयात द्यायची आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.